पाच मिनिटांची प्रतिष्ठापना

संकेतस्थळाचा मजकूर एकीकडे आणि त्याची सजावट दुसरीकडे ठेवून, संगणकाची भाषा न येणाऱ्या माणसालाही तो मजकूर लिहिता, बदलता आणि खोडता यावा म्हणून जे सॉफ्टवेअर करतात, त्याला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. हे नाव पाठ्यपुस्तकात शोभते. बोलताना सगळे सीएमएसच म्हणतात. ज्यांचा स्रोत खुला आहे, म्हणजे ज्या कुणालाही घेता, वाचता, बदलता आणि पुढे देता येतात, अशा प्रणालींत तीन नावे मोठी. ड्रुपल २००१ साली ड्रीस ब्यूटार्ट या बेल्जियन विद्यार्थ्याने खुले केले. वर्डप्रेस २७ मे २००३ रोजी मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी आणले. बी-टू नावाचे एक सॉफ्टवेअर बेवारस पडले होते, ते त्यांनी दत्तक घेतले. जूमला २००५ साली निघाले, मँबो नावाच्या प्रणालीच्या मंडळींत फूट पडून. हा तिसरा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

मराठी माणूस या प्रणालींना नवखाही नाही. १९९६ पासून चालू असलेली मायबोली, तिच्यामागून आलेले मिसळपाव आणि ऐसी अक्षरे ही संकेतस्थळे ड्रुपलवर उभी आहेत, आणि तिथे होणाऱ्या चर्चांचा ताण पाहता ड्रुपल मजबूत आहे एवढे निःशंक म्हणता येते. परंतु प्रणाली सुरुवातीपासून कशी बसते आणि कुठे अडते हे पाहायचे तर मोठ्या संकेतस्थळापेक्षा लहान मंडळ बरे. त्यासाठी भोपाळचे शाहपुरा ही सोयीची जागा आहे.

शाहपुरा हा भोपाळच्या दक्षिण अंगाचा भाग: तलाव, टेकडी, मनीषा मार्केट, आणि ए, बी, सी अशी अक्षरे लावलेले सेक्टर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ राजधानी ठरली, तेव्हा जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, सरकारी फायलींबरोबर माणसेही आली. ग्वाल्हेर-इंदूरची मराठी कुटुंबे आली. भेलच्या कारखान्यात नोकरीला लागलेली आली. निवृत्तीनंतर घर बांधताना यांतल्या अनेकांना शाहपुरा आणि शेजारची अरेरा कॉलनी मानवली. तेव्हा इथल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत वल्लभ भवनातून, म्हणजे मंत्रालयातून, निवृत्त झालेले एक साहेब, बँकेतले एक कोषाध्यक्ष, शाळेतल्या एक बाई आणि संगणकाचे जाणणारा कुणाचा तरी भाचा ही पात्रे सापडतात. भाचा बेंगळुरूला असतो.

पहिला प्रश्न पैशाचा. खुल्या स्रोताची प्रणाली फुकट मिळते, आणि तिचा खरा त्रास इथेच सुरू होतो. फुकट वस्तू हिशेबात कुठल्या रकान्यात दाखवायची, याचे उत्तर कोषाध्यक्षांपाशी नसते. ते शून्य रुपयांची का होईना पण पावती मागतात. पावती मिळत नाही; मिळतो तो जीपीएल नावाचा परवाना. हा परवाना जगात कोट्यवधी संगणकांवर आहे आणि तो वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी; त्यांतले एक शाहपुऱ्यातले निवृत्त साहेब. कसलीही हमी दिली जाणार नाही, हे कलम त्यात मोठ्या अक्षरांत छापलेले असते. साहेब त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि म्हणतात, "हमी नाही, बिल नाही, आणि आपण घेऊन राहिलो." भाचा फोनवरून सांगतो की अख्खे जग घेऊन राहिले आहे, एकूण संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक वर्डप्रेसवर चालतात. हा आकडा खरा आहे. साहेबांच्या मते तो पुरावा नव्हे. तीन प्रणालींपैकी निवड करण्याचा प्रसंग मात्र येतच नाही. भाच्याला वर्डप्रेस येते, म्हणून वर्डप्रेस.

पैसे लागतात ते दोन गोष्टींना. एक होस्टिंग, म्हणजे सदैव चालू राहणाऱ्या संगणकावरची भाड्याची जागा. दुसरे डोमेन, म्हणजे नाव. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो, आणि आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून त्यांना नावे जोडण्याची व्यवस्था केली गेली. ही व्यवस्था करणारे लोक भोपाळचे नसावेत. इथे बसथांब्यांचे नंबर वस्त्यांनाच चिकटले आहेत: पाच नंबर, दहा नंबर, बारा नंबर. बारा नंबरला राहणारा माणूस तेवढ्यावर लग्नाच्या पत्रिका छापतो आणि पाहुणे बरोबर पोहोचतात. तरी मंडळाला नाव लागतेच, आणि त्यावर दोन बैठका जातात. रोमन लिपीत भोपाळचा शेवट एकाच अक्षराने होतो, त्यामुळे ळ की ल हा वाद डोमेनच्या पातळीवर मिटतो आणि मुखपृष्ठासाठी शिल्लक राहतो. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला महाग असते, म्हणून तीन वर्षांचे एकदम घेतात. डोमेन एकाच वर्षाचे घेतात, "बघू चालते का." ही दोन वाक्ये पुढे कामाला येतात.

आता प्रत्यक्ष प्रतिष्ठापना. वर्डप्रेसचे कर्ते ती पाच मिनिटांत होते असे अभिमानाने सांगत आले आहेत, आणि ते खोटे नाही. डेटाबेसचे नाव, वापरकर्ता, पासवर्ड, डेटाबेस कुठे आहे ते ठिकाण आणि तक्त्यांच्या नावाआधी लावायची अक्षरे, एवढे पाच रकाने भरले की पहिला टप्पा संपतो. दुसऱ्या पडद्यावर संकेतस्थळाचे नाव, प्रशासकाचे नाव, पासवर्ड आणि ईमेल. प्रशासकाचे नाव 'अ‍ॅडमिन' ठेवू नये असे सगळे जाणकार सांगतात, कारण जगभरचे चोरटे प्रोग्राम दार ठोठावताना आधी तीच हाक मारतात. मंडळाच्या प्रशासकाचे नाव 'अ‍ॅडमिन'च असते. पासवर्ड वर्डप्रेस स्वतः सुचवते, चांगला लांब आणि कुणाला न कळणारा. तो खोडून मंडळाचे नाव आणि पुढे १२३ असा सुटसुटीत पासवर्ड ठेवतात आणि कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. खाली आणखी एक छोटा चौकोन असतो: शोधयंत्रांनी या संकेतस्थळाची नोंद घेऊ नये अशी विनंती करण्याचा. काम पूर्ण होईपर्यंत लोकांनी पाहू नये म्हणून भाचा त्यावर खूण करतो. पुढच्या वर्षी सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारतो की गुगलवर आपले नाव का येत नाही. त्यावर गुगलच्या मराठीविषयीच्या धोरणावर पाऊण तास चर्चा होते. चौकोनावरची खूण जिथल्या तिथे असते.

पाच मिनिटे इथे संपतात. संकेतस्थळ तयार असते आणि त्यात मजकूरही असतो, फक्त तो मंडळाचा नसतो. 'हॅलो वर्ल्ड' या मथळ्याची एक नोंद, तिच्याखाली वर्डप्रेसनेच ठेवलेला एक नमुना अभिप्राय, आणि एक नमुना पान. या पानावर लॉस एंजेलिसमधला एक तरुण स्वतःची ओळख करून देतो: दिवसा सायकलवरून टपाल पोहोचवतो, रात्री नट होण्याची स्वप्ने पाहतो, जॅक नावाचा कुत्रा पाळतो आणि एक विशिष्ट मद्य त्याला आवडते. हे पान पहिल्या दिवशी काढून टाकायचे असते. शाहपुऱ्यात ते काढले जात नाही, कारण आधीपासून असलेली गोष्ट कुणाच्या परवानगीने काढायची हा प्रश्न उरतो. त्यामुळे मंडळाचा परिचय वाचायला गेलेल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाला तो तरुण आधी भेटतो. "हा जॅकवाला कोणाकडचा?" अशी चौकशी होते. अमेरिकेत मुले असलेल्या तीन कुटुंबांकडे संशयाने पाहिले जाते.

घड्याळही तपासावे लागते. इंग्रजीतून बसवलेले वर्डप्रेस ग्रिनिचच्या वेळेवर चालते, आणि कुणी बदलले नाही तर तसेच चालत राहते. गुढीपाडव्याच्या शुभेच्छा सकाळी सहाला आपोआप प्रसिद्ध होतील अशी तजवीज केली तर त्या साडेअकराला झळकतात, श्रीखंड वाटून झाल्यावर.

थीम, म्हणजे तयार सजावट, निवडण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हजारो फुकट आहेत, सगळ्यांच्या नमुन्यात डोंगर आणि कॉफीचा कप आहे, आणि त्यात मंडळाचा सत्यनारायणाचा फोटो घातला की सगळ्या सारख्याच दिसतात.

खरा विषय अधिकारांचा. वर्डप्रेसमध्ये वापरकर्त्यांच्या पाच पायऱ्या आहेत. सदस्याला लॉगिन करून आपले नाव-पत्ता पाहता येतो, बाकी काही नाही. मंडळाच्या वर्गणीदारांना हा दर्जा ओळखीचा वाटतो. योगदानकर्ता लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि त्याला फोटोही चढवता येत नाही. लेखक स्वतःचे लिखाण प्रसिद्ध करू शकतो. संपादक दुसऱ्यांच्या लिखाणात हात घालू शकतो. प्रशासक सर्व काही करू शकतो. ही रचना ज्यांनी केली त्यांचा समज असा होता की काही माणसे योगदानकर्ता व्हायला तयार होतील. कार्यकारिणीत असा माणूस नसतो. उपाध्यक्षांना संपादक केले तर सहसचिवांना लेखक कसे करायचे, आणि सहसचिवांना लेखक केले तर माजी अध्यक्षांना काय म्हणायचे? बैठकीत सर्वानुमते ठरते की सगळेच प्रशासक. भाचा फोनवर क्षणभर गप्प राहतो, मग म्हणतो, "होऊन जाईल."

वर्डप्रेसमध्ये एक प्रशासक दुसऱ्या प्रशासकाला काढून टाकू शकतो. एवढेच नव्हे, काढताना प्रणाली नम्रपणे विचारते की या व्यक्तीच्या नावावरच्या लिखाणाचे काय करायचे: तेही पुसायचे, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचे? निवडणुकीनंतर जुन्या अध्यक्षांचे खाते बंद करताना नवे अध्यक्ष भल्या मनाने दुसरा पर्याय निवडतात आणि यादीतले पहिले नाव, म्हणजे स्वतःचे, टिचकवतात. तेव्हापासून मागच्या सहा वर्षांच्या गणेशोत्सवांचे वृत्तांत, त्यांतल्या 'माझ्या अध्यक्षपदाच्या काळात' या शब्दांसह, नव्या अध्यक्षांच्या नावे दिसू लागतात. यावरून झालेले अबोले प्रणालीच्या कुठल्याही आवृत्तीत दुरुस्त होत नाहीत.

निवृत्त साहेब मात्र वर्डप्रेसवर एका गोष्टीसाठी खूश होतात. कुठल्याही लेखात कुणी, कोणत्या तारखेला, किती वाजता काय बदलले याच्या नोंदी प्रणाली ठेवते; जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी मांडून, खोडलेले आणि घातलेले शब्द वेगळ्या रंगांत दाखवते. चाळीस वर्षे नोटशीट लिहिलेल्या माणसाला हे पाहून भरून येते. कोजागरीच्या निमंत्रणात बाईंनी 'आटीव दूध' लिहिले होते, कोषाध्यक्षांनी रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी 'आटीव' काढले, हे साहेब सकाळी चहाबरोबर वाचतात आणि तलावाच्या फेरीत चौघांना सांगतात. लिखाणासाठी 'तपासणीसाठी प्रलंबित' अशी एक अवस्था असते, तिच्यावर तर त्यांचे विशेष प्रेम. सगळेच प्रशासक असल्याने काहीही प्रलंबित ठेवायची गरज नसते, तरी ते ठेवतात.

लिहायला बसल्यावरची पहिली अडचण जुनी आहे. मंडळाचा पंधरा वर्षांचा मजकूर मार्केटातल्या टायपिंगवाल्याकडून कृतिदेव फाँटमध्ये करून घेतलेला असतो. कृतिदेवमध्ये अक्षरे दिसतात देवनागरी, पण आतून ती रोमनच असतात. तो फाँट काढून घेतला की खाली उरतात स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी. अध्यक्षीय मनोगत वर्डप्रेसच्या चौकटीत चिकटवले की ते तसेच उमटते. ते युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात आणि चांगली चालतात, फक्त रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कधीकधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. मनोगतात त्याने फारसा फरक पडत नाही. नवा मजकूर टंकणे त्यामानाने सोपे, एवढेच की ते काम हिंदी टायपिंगवाल्याला दिले तर तो 'मंडळ'चे 'मंडल' करून देतो आणि शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केल्याचे वर सांगतो.

दुसरी अडचण वर्डप्रेसने स्वतः निर्माण केली. डिसेंबर २०१८ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि लिहिण्याची जुनी साधी चौकट जाऊन ठोकळे आले: परिच्छेद हा एक ठोकळा, मथळा दुसरा, चित्र तिसरा. याला गुटेनबर्ग असे छपाईच्या जनकाचे नाव दिले. जुन्या चौकटीत हात बसलेल्या लोकांनी जगभर इतकी ओरड केली की ती चौकट परत आणणारे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, लाखो ठिकाणी बसवले गेले. शाहपुऱ्यातही बाईंनी ते बसवून घेतले. ठोकळ्यांवर त्यांचा आक्षेप एकच होता: निबंध सलग लिहायचा असतो.

लेखाच्या पत्त्याची गंमत मात्र खास देवनागरीची आहे. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून त्याचा पत्ता तयार करते. पत्त्यात देवनागरी अक्षर थेट साठवता येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचे, आणि प्रत्येक मात्रेचे वेगळे, टक्क्याच्या चिन्हांसह नऊ रोमन खुणांत रूपांतर होते. पत्त्यासाठी जागा २०० खुणांची. इंग्रजी मथळ्याला ती पुरून उरते. मराठीच्या वाट्याला मात्रा-वेलांट्या धरून बावीस अक्षरे येतात. 'कोजागरी पौर्णिमेनिमित्त शाहपुरा तलावाकाठी दुग्धपान कार्यक्रम संपन्न' असा रीतसर मथळा दिला तर पहिले दोन शब्दच १९९ खुणा खातात. शाहपुरा, तलाव, दूध सगळे गळते. पुढच्या वर्षी मंडळ तोच मथळा देते, कारण कार्यक्रम तोच आणि संपन्नही तसाच होतो. तेव्हा वेगळेपणासाठी प्रणाली शेवटी 'उणे दोन' जोडते आणि त्या दोन खुणांना जागा करण्यासाठी 'निमित्त'चा शेवटचा त कापते. व्हॉट्सअ‍ॅपवर हा पत्ता पाठवला की टक्केच टक्के असलेल्या चार ओळी उमटतात आणि ग्रुपवरचे एक काका सगळ्यांना सावध करतात की यावर बोट लावू नका, खाते रिकामे होते. उपाय सोपा आहे: पत्त्याच्या रकान्यात रोमनमध्ये एकच छोटा शब्द स्वतः लिहावा. तो रकाना उघडून पाहण्याची वेळ सहसा येत नाही.

फोटोंचे तसेच. होस्टिंगवर पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या संगणकी भाषेत लिहिले आहे ती, जशी आली तशी ठेवली तर एका वेळी दोन मेगाबाइटची फाइल चढते, आणि आजचा मोबाइल त्याहून मोठा फोटो सहज काढतो. ती मर्यादा वाढवता येते. फोटो चढला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करते. त्यांतली सर्वांत लहान १५० बाय १५० ठिपक्यांची, चौरस, आणि ती मधोमध कापून घेतलेली असते. चाळीस माणसांच्या आडव्या समूहचित्रातून दोन्ही कडेची माणसे गळतात. फोटोच्या वेळी मध्ये कोण उभे राहते आणि कडेला कोण, यावर मुखपृष्ठाची शांतता अवलंबून असते. चौरस कापण्याची ती खूण काढता येते, हे कळेपर्यंत दोघांनी राजीनामे दिलेले असतात. ते परत घेतले जातात.

प्लगइन पन्नास हजारांहून अधिक आहेत. प्रत्येक प्रशासकाला त्यांतले एकेक आवडते: पंचांग, भेट देणाऱ्यांची संख्या, सरकणारी सूचना, संगीत. अकरा प्रशासकांनी अकरा जोडल्यावर एके दिवशी संकेतस्थळ पांढरे पडते. मग सगळी प्लगइन बंद करून एकेक चालू करत दोषी शोधायचे असते. पद्धत खात्रीची आहे, फक्त संगीताचा मालक चौकशीला तयार हवा.

अद्ययावत करण्याच्या सूचना डॅशबोर्डवर लाल वर्तुळात येतात. लहान सुरक्षा-दुरुस्त्या २०१३ पासून वर्डप्रेस स्वतःच बसवून घेते. मोठ्यांसाठी आधी बॅकअप घ्यावा. बॅकअप म्हणजे दोन गोष्टी: डेटाबेस, ज्यात लिखाण असते, आणि फायली, ज्यांत फोटो असतात. मंडळाकडे यांपैकी एक असते, आणि ती एका पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह हळदीकुंकवाच्या गाण्यांसाठी नेलेला असतो.

नूतनीकरणाची आठवण डोमेन देणारी कंपनी ईमेलने पाठवते, ती भाच्याच्या कॉलेजच्या पत्त्यावर. कॉलेज संपून काळ लोटलेला असतो. नाव रद्द झाल्यावर साधारण तीस दिवस ते दंड भरून परत मिळते. दंडाची तरतूद अंदाजपत्रकात नसल्याने विषय पुढच्या बैठकीत जातो. त्यानंतरचे पाच दिवस नाव कुणालाच मिळत नाही, आणि मग ते कुणालाही मिळते. होस्टिंग मात्र तीन वर्षांचे भरलेले असते, म्हणून आतला सगळा मजकूर शाबूत असतो. फक्त तिथे जायला नाव उरलेले नसते. तेव्हा नवे नाव घेऊन त्याच जागेला जोडावे, प्रणालीतले दोन पत्ते बदलावेत, आणि लेखांमधल्या जुन्या नावाच्या सगळ्या जोडण्या एका झटक्यात बदलून घ्याव्यात. पत्त्यात एक अक्षर चुकले तर प्रशासकही बाहेर राहतो, म्हणून हे काम भाचा रात्री करतो. इकडून मावशी फोनवर असते, आणि एवढे सगळे बदलतोच आहेस तर तो जॅकवालाही काढ ना, म्हणते.